मागचा खिसा

३ फेब्रुवारी, सोमवार

पाच धडे हवेत म्हणे! चार चालणार नाहीत, सहाही नाहीत. कॉलेजातल्या त्या प्राध्यापक बाईंचा आज पुन्हा फोन. बावीस तारखेला मुलींसमोर बोलायचं – 'ध्येयासाठी धंदा करताना मिळालेले नेतृत्वाचे पाच धडे'. मी हो म्हणून बसले. कौतुकाने बोलावलं की माझ्या तोंडून नकार निघतच नाही.

पहिला धडा तोंडपाठ आहे: दयेचे कपडे शिवायचे नाहीत. अपघातानंतर बारकी व्हीलचेअरवर आली तेव्हा दुकानांत तिच्यासाठी काय होतं? गाऊन आणि नाडीचे ढगळ पायजमे. धाकटी बहीण एकवीस वर्षांची आणि कपडे आजारी म्हातारीचे! त्या रागातून हा कारखाना उभा राहिला. एक लांबट खोली, सहा मशिनी, सहा बायका, एक मास्तर. बसल्याबसल्या चढवता येईल अशी जीन्स, दोन्ही बाजूंना लांब चेन, आणि दिसायला अगदी चारचौघींसारखी. मागे दोन खिसे. खिशांच्या कोपऱ्यांत तांब्याची बटणं.

त्या खिशांवरून मास्तर दोन दिवस माझ्याशी भांडले होते. बसणाऱ्या माणसाला मागे खिसा कशाला, म्हणत होते. "उभ्या माणसाला असतो म्हणून!" असं मी सुनावलं आणि सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. हाच दुसरा धडा करावा का? शंका काढणाऱ्यांना पुरून उरा. छान वाटतं ऐकायला.

५ फेब्रुवारी, बुधवार

एका बाईंची तक्रार आली. गिऱ्हाइकांचे मेल बारकी बघते, खिडकीजवळच्या टेबलावर. मास्तरीण व्हायला निघाली होती ती, कोर्सचं दुसरं वर्ष चालू होतं. आता लोकांच्या पत्रांतलं ऱ्हस्व-दीर्घ सुधारते.

तिनेच वाचून दाखवलं. बाई शिक्षिका आहेत, आठ तास व्हीलचेअरवर. आपली जीन्स घालायला लागल्यापासून मागे जखम झाली आहे, बरोबर खिशाच्या कोपऱ्यापाशी. कमरेखाली काही कळत नाही, त्यामुळे आधी लक्षातच आलं नाही.

मी म्हटलं, गादी खराब असेल त्यांची. लिही – आपली गादी तपासून घ्यावी, आमच्याकडे अशी तक्रार आजवर आलेली नाही.

"असंच लिहू?" बारकीने विचारलं.

असंच लिही म्हटलं. तिने लिहिलं.

मग दिवसभर उगाच सगळ्यांवर खेकसत होते. चहा गार म्हणून, सुई मोडली म्हणून. कुठेतरी टोचलं असणार मला, पण मान्य कोण करतं!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

मोठ्या दुकानाच्या खरेदीवाल्या बाई आल्या होत्या. आणि आजच बारकी स्कर्ट घालून! परवाही स्कर्टच होता. म्हणे जीन्स धुवायला टाकली. चार जीन्स दिल्यात तिला, चारही एकदम धुवायला? तू आपली बसती-बोलती जाहिरात आहेस, असं मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं.

पण बाई खूश. त्यांना सगळ्यात आवडले ते खिसे. त्यांच्यामुळेच हा माल दवाखान्यातला वाटत नाही, म्हणाल्या. चारशे जीन्स, एकवीस तारखेला गाडी. मास्तरांकडे बघून मी भुवया उडवल्या. त्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं.

घरी आले तर बारकी पालथी पडून वाचत होती. मान अवघडेल म्हटलं तर हसली.

१० फेब्रुवारी, सोमवार

त्या शिक्षिका बाईंचा दुसरा मेल. गादी नवीच आहे, डॉक्टरांनी तपासली आहे. आणि पुढे एकच प्रश्न – तुमच्या कारखान्यात ही जीन्स घालून कुणी दिवसभर बसून पाहिलं आहे का?

मी आधी हसले. म्हणजे काय! आमच्याकडे फेरी असते. नवा नमुना तयार झाला की ज्या बाईला मापात बसेल ती तो घालते आणि टेबलांच्या मधून चालत एक चक्कर मारते. बाकीच्या काम थांबवून बघतात. कुणी शिट्टी मारते, कुणी 'कंबर सैल आहे गं' म्हणून ओरडते. चार वर्षं एकही कपडा फेरीशिवाय बाहेर गेलेला नाही.

चालत.

लिहिताना हात थांबला. न चालणाऱ्या माणसांचे कपडे आम्ही चार वर्षं चालून तपासतोय! सहा बायका, एक मास्तर आणि मी – आठ डोकी, आणि एकालाही हे सुचू नये? बारकीही दर फेरीला तिथेच असते. टाळ्या वाजवते.

तिला विचारलं होतं की मी. दर वेळी विचारते. 'छान झालीय ना?' असं विचारते. आणि ती 'छान' म्हणते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज जीन्स घालून बसले. सकाळी नऊ ते पाच, बारकीच्या जुन्या खुर्चीत. मास्तरांना सांगितलं, मला उठू देऊ नका. ते खडू घेऊन शेजारी कापत होते. टेबलावर मधूनमधून एक रेघ ओढत. मला वाटलं कापडाचा हिशेब असेल.

पाच वाजता उठले तर उजव्या बाजूला खोल लाल वण. आई गं म्हणत चोळायला लागले. मास्तर म्हणाले, "एकशे सात वेळा हललात, ताई. तुम्हाला टोचलं की तुम्ही हलता. त्यांना टोचत नाही."

त्या रेघा माझ्या हलण्याच्या होत्या.

त्यांच्या आवाजात 'बघा, मी सांगितलं होतं' असं काही नव्हतं. असतं तर भांडता तरी आलं असतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

खरेदीवाल्या बाईंना फोन केला. खिसे काढले तर चालेल का? चालणार नाही. खिशांसकट नमुना पास झाला आहे, पोस्टरं छापली आहेत, उशीर झाला तर ती जागा दुसऱ्याच्या मालाला जाईल. पुन्हा मिळेल का? सांगता येत नाही. अशी संधी आपल्यासारख्यांच्या वाट्याला येते कधी! सहा घरं चालतात या कारखान्यावर – हे मी स्वतःला दिवसभर बजावत होते. खरं आहे ते. पण हे मला बरोबर आजच इतकं आठवलं, याचीच शंका येते.

शेवटी तोडगा काढला. प्रत्येक जीन्सबरोबर एक कार्ड: दर अर्ध्या तासाने बसण्याची स्थिती बदलावी. त्या शिक्षिका बाईंनाही कळवलं, सूचनेबद्दल आभार, पुढच्या मालात विचार करू.

मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी कात्री टेबलावर ठेवली आणि घरी निघून गेले. साडेतीन वाजले होते. चार वर्षांत पहिल्यांदा.

१७ फेब्रुवारी, सोमवार

कार्डाचा मजकूर बारकीने टाइप केला. एकही चूक नाही. माझ्याकडे न बघता दिला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

गाडी गेली. बायकांनी पेढे नको, भेळ नको, एक तासाची सुट्टी द्या म्हणून हट्ट केला. दिली. रिकाम्या खोलीत बसून धडे लिहिले. पाचव्यावर गाडी अडली, मग तिसरा खोडला, मग पहिल्याकडेच बघत बसले. दयेचे कपडे शिवायचे नाहीत. बरं मग, कसले शिवायचे?

आनंद व्हायला हवा होता. जेवण जात नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बोलले. सभागृह भरलं होतं. बारकी पहिल्या रांगेच्या कडेला, खुर्चीला जागा होती तिथे.

दोन धडे झाल्यावर काय झालं कोण जाणे, कागद बाजूला ठेवला आणि त्या शिक्षिकेची गोष्ट सांगितली. फेरीची, एकशे सात रेघांची. मुली आधी हसल्या, मग पुढे सरसावून ऐकू लागल्या. 'गिऱ्हाईक बोलतं तेव्हा ऐका' – हा माझा तिसरा धडा, असं म्हटलं. केवढ्या टाळ्या! गाडी कालच गेली आहे, हे मात्र सांगितलं नाही. गोष्ट जिथे मला शोभत होती तिथेच संपवली.

मागून एक मुलगी उठली. चष्मा, दोन वेण्या. "मग तुम्ही त्या बाईंना भेटलात का?"

"हो, भेटले." मी म्हटलं.

इतकं सहज निघालं तोंडातून! समोर बारकी. ती सगळं जाणते, मेल तीच बघते. तिने मान खाली घातली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लाज वाटते, अगदी मनापासून लाज वाटते. पुढचे दोन धडे काय बोलले ते आठवत नाही.



२३ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. थाप मारलीच आहे तर ती खरी करायची. त्या बाईंच्या घरी जायचं, माफी मागायची. सकाळीच मास्तरांच्या घरी गेले. काही न विचारता ते कारखाना उघडायला आले. मागे खिसा नाही, बटण नाही, शिवणही आडवी नाही, अशी एक जीन्स दोघांनी मिळून शिवली. इस्त्री करून घडी घातली.

ऑर्डरींची यादी काढून बसले. गिऱ्हाइकांत शिक्षिका एकही नाही. पुन्हा पहिल्यापासून पाहिली. नाही. मेलखाली नावही नाही, नुसतं 'एक शिक्षिका'. बारकीला ठाऊक असेल. उद्या विचारते.

२४ फेब्रुवारी, सोमवार

"पत्ता आपलाच आहे, ताई," बारकी म्हणाली.

जखम तिलाच, उजव्या बाजूला. आई तीन महिने पट्टी बदलते आहे, तिला शपथ घातली होती. मला का नाही सांगितलंस, म्हणून मी ओरडलेच. नोव्हेंबरात सांगितलं होतं, म्हणाली. मी मापं टिपत होते आणि म्हटलं होतं, सवय होईल. मला आठवतसुद्धा नाही!

"म्हटलं, गिऱ्हाइकाचं तरी ऐकशील."

शिक्षिका कशाला व्हायचं मग, असं विचारलं तर म्हणाली, "तेवढी तरी होऊ दे की."

दुकानाला फोन करून माल परत मागवला. खरेदीवाल्या बाई काय म्हणाल्या ते लिहीत नाही. मास्तरांनी मला छोटी कात्री दिली. आठशे खिसे उसवायचे आहेत. आधी बारकीचे आठ उसवले.