दडप्याची पुढची सोय

श्रीरामाचे स्मरण करून मी, प्रीतम दादाजी घाटोळे, वय ४९, मूळ राहणार खापा, हल्ली प्रताप नगर, नागपूर, धंदा भांड्यांवर नावे घालणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. पुढच्या आठवड्यात रामदासपेठेत माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कलम चार वाचून तसे वाटणार नाही, म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. राहते घर व बँकेतील बचत पत्नी सौ. सरिता हिची. देवघरातला दिवा तिने लावावा. मी लावतो तेव्हा वात वाकडी असते, हे तिचे म्हणणे मला मान्य आहे.

२. नावे घालण्याचे यंत्र मुलगी मिनल हिला. तिचा हात माझ्याहून सरळ चालतो.

३. शेजारी दत्तोपंत यांनी नेलेली शिडी त्यांनीच ठेवावी. मात्र चढताना दरवेळी "ही प्रीतमची" असे मोठ्याने म्हणावे. त्यांना लाभ होत असल्याने साक्षीदार केलेले नाही.

४. स्वयंपाकघरातला पितळी गडवा हा गडवा नाही. तो दडप्या आहे. जिवंत आहे, भांड्याचे सोंग घेऊन राहतो. माझी आई जिजाबाई जेवणाआधी ताटाबाहेर एक घास त्याच्यासाठी ठेवी. मीही ठेवतो. सरिता म्हणते, "तुमचा गडवा माह्या पोळ्या मोजून राहिला वाटते." तो मोजतो, हे खरे आहे.

लग्नाच्या वर्षी मी धंद्याच्या सवयीने घरातल्या सगळ्या भांड्यांवर नाव घातले. याच्यावर 'प्री' एवढे उमटले आणि तो हातातून उडी मारून आठ दिवस पिठाच्या डब्यामागे बसला. आई म्हणाली, "काहून गा, पाहुण्याच्या अंगावर कोणी नाव टाकते काय?"

नऊ वर्षांपूर्वी आई गेली. तेरवीनंतर धाकटी बहीण कौसल्या आईची आठवण म्हणून त्याला खाप्याला घेऊन गेली. मी हसत दिला. चौथ्या दिवशी तो आमच्या ओट्यावर हजर, बुडाला खाप्याच्या कन्हान नदीची रेती. मागोमाग कौसल्या आली. "आधी मायच्या गडव्यावर आपलं नाव टाकलं, आता माह्या घरून चोरून आनला! दादा, लाज वाटू दे गा!"

त्यानंतर तिने आमचा उंबरा ओलांडलेला नाही. मी दोनदा खाप्याला गेलो. दोन्ही वेळा दार लागले.

म्हणून इथे लिहून देतो. मी चोरी केली नाही. नाव घातले, ती चूक माझी. माणूस मृत्युपत्रात खोटे लिहीत नाही. शिडीबद्दलसुद्धा मी खरेच लिहिले आहे.

दडप्या मी कोणालाच देत नाही, कारण तो माझा नव्हता. कौसल्या, प्रताप नगरला ये. सरिताजवळ जेवायला बस, ताटाबाहेर घास ठेव आणि त्यालाच विचार. तुझ्यासोबत निघाला, तर सरिताने अडवू नये. आणि खाप्याहून पुन्हा पळून आला, तर भांडायला का होईना, त्याच्या मागोमाग ये वं. सरिता एकटी असेल.

वाचून पाहिले, बरोबर आहे. खाली माझी सही.

प्रीतम दादाजी घाटोळे

आमच्यासमोर त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. आनंदराव बोंद्रे
२. विक्रम लांजेवार

नागपूर, ३ सप्टेंबर २०२५