मेलेल्या पोर्टचा वारस

चि. खिळू यास,

तुझ्या दाजीचे अनेक आशीर्वाद, आणि आठ महिन्यांत खुशालीची एक ओळ पाठवली नाहीस त्याबद्दल तुझा कान इथूनच पिळला आहे असं समज. तुझं पोट, वहिनींची पाठ आणि तुमच्या जिन्याचा कठडा हे तिघे आता बरे असतील अशी आशा आहे. माझा गुडघा आहे तसाच आहे. तुझ्या ताईची तब्येत उत्तम आहे, म्हणजे काल तिने मला दोनदा वेंधळा म्हटलं आणि एकदा नुसतीच मान हलवली. (मान हलवली की दिवस चांगला जातो. ती गप्प बसली की मला काळजी वाटते, आणि गेले दोन महिने ती बरीच गप्प होती. पत्राचं कारण तेच, पण ते पुढे येईल.)

तुला तू जोडून दिलेला तो कॉम्प्युटर आठवत असेलच. ताईची नजर गेली त्या वर्षी तू तो आणलास, शेजारी ते ब्रेलचे ठिपके पाडणारं यंत्र ठेवलंस, आणि 'दाजी, आता ह्याला दहा वर्षं बघायला नको' असं म्हणून गेलास. दहा वर्षं झाली, तुझा शब्द त्याने पाळला. अकराव्या वर्षी एका दुपारी वीज गेली आणि परत आली ती जरा जास्तच आली. दिवा गेला, पंखा गुरगुरला, आणि कॉम्प्युटर मात्र काहीच न झाल्यासारखा चालू राहिला. पण ठिपक्यांचं यंत्र मुकं झालं. तीन दिवस मी यंत्रालाच बोल लावला, केबल बदलली, एकदा तर हळूच थापही मारली. नंतर लक्षात आलं की यंत्र धडधाकट आहे, कॉम्प्युटरच्या पाठीवरचं ते नऊ पिनांचं सीरियल पोर्ट, ज्यातून मजकूर यंत्राकडे जातो, तेच जळून मेलंय. आणि तुझं ते म्हातारं यंत्र दुसऱ्या कुठल्या दाराने काही घेतच नाही. अगदी आपल्या मोठ्या मावशीसारखं, पुढच्या दाराने बोलावलं तरच जेवायला येणार.

आता यंत्र बंद म्हणजे ताईचं वाचन बंद. पुस्तकं ती मला वाचून दाखवायला सांगते आणि मी दाखवतोही (खलनायकाचा आवाज मला चांगला जमतो असं तिचंच मत आहे). पण तुझी पत्रं मी वाचलेली तिला चालत नाहीत. भावाचं पत्र आपल्या बोटांनीच वाचायचं, मध्ये तिसऱ्याचं तोंड नको, असा तिचा नियम. मी टंकून घालायचं, यंत्राने ठोकायचं, तिने वाचायचं. तू म्हणशील, माझी कुठली पत्रं? थांब जरा. आधी स्क्रू, मग पत्रं.

तर मी जुन्या मालाच्या दुकानात गेलो. दुकानदार चष्मा दोरीने गळ्यात बांधतो आणि दुसराच चष्मा लावून बघतो. मी त्याला सांगितलं, पोर्ट मेलंय, नवं बसवायचं आहे. त्याने कॉम्प्युटरचं वय विचारलं, मी सांगितलं, तो उठून उभा राहिला. आत जाऊन त्याने नवं पोर्ट असलेलं एक कार्ड आणलं. पहिल्या खेपेला दिलेलं कार्ड आपल्या पेटीतल्या स्लॉटपेक्षा बरंच आखूड निघालं, कारण मी 'पांढरा आखूड की काळा लांब' ह्या प्रश्नाला माहीत नसताना रुबाबात 'पांढरा' म्हणालो होतो. दुसऱ्या खेपेला काळ्या लांब स्लॉटचं मिळालं. त्याच्यावरची धूळ झाडताना दोघांनाही शिंका आल्या.

घरी येऊन पेटी उघडायला बसलो. ताई शेजारी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. मी एकेक स्क्रू काढून स्टीलच्या वाटीत टाकत होतो. शेवटचा काढून झाकण बाजूला ठेवलं तर ती म्हणाली, सात फिरवलेत आणि वाटीत सहाच पडले. मी म्हटलं, तू कपडे मोज. पण वाटीत खरोखर सहाच होते. सातवा आत, मदरबोर्डवर कुठेतरी पडला होता. तो बाहेर काढण्यासाठी मी सगळी पेटी पाळण्यासारखी हेलकावत बसलो, त्यातून दोन वर्षांपूर्वी हरवलेलं माझं पेनाचं टोपण निघालं, एक झुरळ (कैलासवासी) निघालं आणि अखेर स्क्रू निघाला. त्या बाईपासून घरात काहीही लपत नाही, हे वाक्य लक्षात ठेव. मीही ठेवायला हवं.

खरी गंमत जंपरची. कार्डावर पिनांच्या रांगा असतात आणि नखाएवढ्या काळ्या टोप्या. कुठली टोपी कुठल्या दोन पिनांवर, त्यावर सगळं ठरतं. मी पोस्टमास्तर होतो हे कळल्यावर दुकानदाराने मला माझ्याच भाषेत समजावलं होतं. म्हणे, प्रत्येक पोर्टला एक पत्ता असतो, त्या पत्त्यावर कॉम्प्युटर टपाल टाकतो. आणि एक घंटी असते, काही सांगायचं असलं की पोर्ट ती वाजवतं. मला वाटलं, एवढंच ना. तेहतीस वर्षं पत्ते वाचण्यात गेली, इथे चारच आहेत. आणि तिथेच माझ्यातला पोस्टमास्तर आडवा आला. आमच्याकडे रीत अशी, की माणूस गेला तर त्याच्या पत्त्यावरचं टपाल त्याच्या वारसाला मिळतं. म्हणून मी नव्या कार्डाला मेलेल्या पोर्टचाच पत्ता आणि त्याचीच घंटी दिली. वारसाला गादीवर बसवलं, स्क्रू आवळला, बटण दाबलं. कॉम्प्युटरने एक ओळ दाखवली आणि जागच्या जागी थिजला. चार वेळा चालू केला, चार वेळा थिजला. ताईने विचारलं, काय करतोय? मी म्हटलं, विचार करतोय. ती म्हणाली, तुम्ही का तो?

मग मी टोप्या हलवून कार्डाला चौथा पत्ता दिला. आता थिजणं गेलं, पण नवीनच तऱ्हा. मजकूर पाठवला की यंत्र गप्प. माउस हलवला की यंत्र एक अक्षर ठोकायचं. थांबलो की थांबायचं. चौथ्या पत्त्याची आणि दुसऱ्या पत्त्याची घंटी एकच असते आणि दुसऱ्यावर आपला माउस राहतो, हे मला कुठे ठाऊक? 'एक दोन तीन' एवढं ठोकून घ्यायला मी पाव तास टेबलावर माउस घासत होतो. ताई म्हणाली, चंदन उगाळताय का? (त्या गडबडीत एक टोपीही सांडली. मी बॅटरी घेऊन जमिनीला नाक लावून शोधलं. तिने खाली बसून दोनदा तळहात फिरवला आणि टोपी माझ्या हातावर ठेवली.)

शेवटी दुकानदाराला फोन केला. सगळं ऐकून घेऊन तो म्हणाला, 'साहेब, मेलेल्याचं नाव आधी यादीतून काढलंत का?' कॉम्प्युटर सुरू होतानाच आत एक सेटअप असतो, त्यात जुनं पोर्ट अजून हजर म्हणून मांडलेलं होतं. जळलेलं असलं तरी ते आपला पत्ता सोडत नव्हतं, आणि एका दारावर दोघे उभे राहिल्यावर कॉम्प्युटर बिचारा कोणाला टपाल देणार? मी आत शिरलो, जुन्या पोर्टपुढे 'बंद' निवडलं, जरा वाईटही वाटलं. मग टोप्या परत पहिल्या जागी बसवल्या, आणि यंत्र असं खाडखाड बोलू लागलं की ताईने हातातलं सगळं टाकलं आणि येऊन त्याच्या झाकणावर तळहात ठेवला. कागद बाहेर आला, तिने वाचला, म्हणाली, छान उमटतंय. आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, 'आता खिळूचं पत्र येईल ना?'

मी 'हो' म्हटलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच दोन पेले विसळले. कळावे, लोभ आहेच, तो वाढवायची जबाबदारी आता तुझी.

तुझा,
दाजी

ता. क. : तर ती पत्रं. खिळू, ती मीच लिहितो. आठ महिन्यांपूर्वी तू फोनवर ताईला म्हणालास, घर विका आणि दोघं इकडे या, एकट्या दाजींना तुझं करणं झेपणार नाही. ती म्हणाली, मी काय पार्सल आहे? तू म्हणालास, मग बसा तिथेच. आणि दोघांनी एकदमच फोन ठेवले. तेव्हापासून दोघंही दुसऱ्याने फोन करावा म्हणून बसला आहात. महिनाभर मी तिला फोनच्या बाजूच्या खुर्चीवर बसलेली पाहिली. मग एके दिवशी तुझ्या नावाने चार ओळी लिहून यंत्रात घातल्या. ज्याने नोकरीभर दुसऱ्याचं पाकीट उजेडाला धरून पाहिलं नाही, त्याने हे केलं. त्या संध्याकाळी ती दोनदा जेवली. पुढे सात झाली. यंत्र बंद पडल्यावर आठवं वाचून दाखवावं म्हटलं, पण कागदावर खोटं मला जमतं, तोंडाने नाही. पहिल्या स्वल्पविरामाला ती मला पकडेल.

तिची उत्तरंही आहेत. तिच्या नोकरीतल्या टाइपरायटरवर ती अजून न चुकता मारते, तिकीट लावून माझ्या हातात देते, आणि मी ती माझ्या खणात ठेवत आलो, कारण ती ज्या पत्रांना उत्तरं आहेत ती तू लिहिलेलीच नाहीत. सात पाकिटं सोबत पाठवतो आहे. ती तुझी आहेत, उशिरा पोचली एवढंच. ती वाच आणि आठवं पत्र तू लिही, तुझ्या हाताने. आठ दिवसांत नाही आलं तर मला पुन्हा तुझ्या नावाने लिहावं लागेल, आणि माझी आता लाज संपत आली आहे.

आणखी ता. क. : लिहिताना घोटाळा नको म्हणून सांगतो. तू सिगारेट सोडलीस. रोज पोहायला जातोस. गच्चीत लिंबाचं झाड लावलंस, त्याला सात लिंबं आली. आणि तिसऱ्या पत्रात तू माफी मागितलीस. फार सुरेख मागितलीस, मला स्वतःला भरून आलं.

सर्वात शेवटचं ता. क. : आत्ता एक मोठं संकट थोडक्यात टळलं. हे पत्र साध्या प्रिंटरवर काढायचं सोडून मी सवयीने ते ठिपक्यांच्या यंत्राला पाठवलं, आणि दारावर कोणी आलं म्हणून उठलो, तेवढ्यात पहिली दोन्ही ता. क. धरून सगळं ठोकून झालं. नवं कार्ड फारच चांगलं चालतंय. ताई सुदैवाने मागे कपडे वाळत घालत होती. मी ते कागद तुझी पाकिटं काढून रिकाम्या झालेल्या खणात कोंबले, कुलूप लावलं, किल्ली खिशात आहे. आता अंघोळ करतो आणि पाकीट चिकटवून स्वतः पेटीत टाकतो.

*

खिळ्या,

हा कागद माझा. हे अंघोळीला गेलेत आणि पाकीट अजून उघडं आहे. त्या खणाची दुसरी किल्ली पहिल्यापासून माझ्याकडे आहे. यंत्राची खाडखाड मागे ऐकू आली होती, खणात कोंबलेले कागद आत्ताच वाचले. माझी पाकिटं आत पडून आहेत हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं, तरी मी लिहीत राहिले, कारण हे ती काढून वाचतील अशी मला आशा होती. वाचत नाहीत. पोस्टमास्तर ते पोस्टमास्तरच.

पत्रं तुझी नाहीत हे मी पहिल्याच पत्रात ओळखलं. त्यात 'औषध घेतलंस का' असं, हे रोज विचारतात तसं, दोनदा होतं. आणि तिसऱ्यात तू माफी मागितलीस तेव्हा मी एवढी हसले की ह्यांना वाटलं मी रडते आहे, आणि मग थोडी रडलेही.

रविवारी सकाळी हे बाहेर गेले की मी फोन करणार आहे. उचल. माझंही चुकलं होतं, ते तोंडानेच सांगेन. सिगारेट खरोखरच सोड, ह्यांनी ती फार कष्टाने सोडवली आहे.

पण एक कर. पत्र लिहू नकोस. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. हे जन्मभर गावाची पत्रं वाटत आले आणि मला एक ओळ कधी लिहिली नाही. तुझ्या नावाने सात लिहिली. तू लिहायला लागलास की हे थांबतील. तेव्हा आठ दिवस गप्प बस आणि मला काही कळलंय हे ह्यांना कळू देऊ नकोस.

मी आठव्याची वाट बघते आहे.

ताई