तांबटाची टुक टुक

माघ वद्य पंचमी, चिंचवड

आजही नदीकाठच्या उंबरापर्यंत फिरून आलो. सावर फुलली, थंडी ओसरली, पण तांबटाची टुक टुक काही ऐकू आली नाही. एव्हाना तो बोलायला हवा. पिंपरीत कारखाना उठतोय, त्या धडधडीनं पाखरू गेलं असेल, असं हिला म्हणालो. ही चुलीपुढून वळून हसली. "आवं, परसातल्या शेवग्यावर चार दिस ठोकतोय की त्यो! कान कुठं ठेवलेत?"

परसात गेलो. तांबट समोरच होता. गळा फुगत होता, मान हलत होती. टुक टुक मात्र नाही. किती वेळ उभा राहिलो, कोण जाणे.

आत येऊन म्हणालो, "व्हय, बोलतोय."

ही पाठमोरी काहीतरी म्हणाली. मी मान डोलावली. काय म्हणाली असेल?