डेटा नसतानाचा उजेड

आई, आज मला एका जागी बसवत नाहीये. तिसरा चहा झाला, टेस्ट बेंचपाशी उगाच दोनदा जाऊन आलो, आणि आता कँटीनच्या मागच्या पायरीवर बसून तुला लिहितोय. मानपाड्याला अजून कारखान्यांचा तोच वास येतो, तू नाकाला पदर लावायचीस तो. कारण म्हणशील तर तुझी नात. गणपतीपासून ती माझ्याशी बोलत नाही. तू गेलीस तेव्हा तिसरीत होती. आता चांगली नोकरी सोडून नौपाड्यात मैत्रिणीबरोबर कुत्र्यामांजरांचं पार्लर चालवते आणि तिथेच राहते. मी म्हटलं, "इंजिनीअर होऊन कुत्री धुणार?" तर म्हणते कशी, "हो, धुणार. ती निदान मला बघून शेपूट तरी हलवतात." जीभ तुझीच, दुसऱ्या कुणाची! तेव्हापासून निरोप्याचं काम तुझी सून करते. मला वाटलेलं, काही कामाचं निघालं की बोलेल आपणहून. निघालंच नाही काही.

माझं काम तुला कधी नीट सांगितलं नाही. तू लसूण सोलत विचारायचीस आणि मी म्हणायचो, राहू दे, तुला नाही कळणार. आता ऐक. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून लेझरच्या उजेडाची उघडझाप करून माहिती पाठवायची, एकामागून एक, डोळ्याला दिसणार नाही अशा वेगाने. वेळ सांगायला वेगळी तार नसते. समोरच्या टोकाला तो उजेड झेलणारं कार्ड त्या उघडझापीवरूनच ताल धरतं. आज ठाण्याहून गिऱ्हाइकाची इंजिनीअर आलेली, चुणचुणीत मुलगी, आपल्या हिच्याच वयाची. म्हणाली, "सर, डेटा नसताना पण लेझर चालूच? कार्ड उगाच तापतंय. बंद करून बघू या ना." म्हटलं, बघ. बंद केला आणि लिंक पडली, दोन्ही टोकांचा संपर्कच तुटला. परत चालू करून लगेच डेटा सोडला, तर सुरुवातीचा तुकडा गायब. समोरच्याने पुन्हा ताल धरेपर्यंत तो वाया गेलेला. मी तिला समजावायला लागलो, "अगं, पाठवायला काही नसलं तरी काहीतरी पाठवत राहावं लागतं. त्याला अर्थ काही नसतो, पण ते थांबलं की..." आणि चष्मा काढून बाहीने डोळेच पुसायला लागलो मी. भर टेस्ट बेंचवर! ती पोरगी घाबरली बिचारी. "सर, पाणी आणू?"

तुझे फोन आठवले गं. रोज दुपारी, ऑफिसच्या लँडलाइनवर. "काय करतोयस?" काम. "डबा खाल्लास?" हो. मग कुकरची शिट्टी होईपर्यंत तू नुसतीच रिसीव्हर धरून उभी. आजूबाजूचे हसायचे, आणि मी एकदा खेकसलेलो, "काही काम असेल तरच करत जा ना फोन!" संध्याकाळी घरी आलो तर तू पोळ्या लाटतेयस, मागे वळूनही न बघता म्हणालीस, "कामापुरता फोन करायला मी काय तुझा साहेब आहे?" दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजलाच. तुला कशाचं काही वाटायचंच नाही, की वाटायचं आणि तरी करायचीस? हे मला आजच्या आज विचारायचंय आणि तू नाहीस, याचा राग येतोय मला. कुणावर काढू?

मघाशी लावला मी तुझ्या नातीला फोन. काम काही नव्हतं. दुसऱ्या रिंगलाच उचलला तिने. मागे एक कुत्रं बेंबीच्या देठापासून ओरडत होतं. "बोल, बाबा," म्हणाली, आणि आवाजात राग नव्हता, धास्ती होती, घरी कुणाला काही झालं की काय अशी. आणि माझ्या तोंडून काय यावं? "काही नाही, चुकून लागला." ती "बरं" म्हणाली, पण ठेवला नाही. त्या कुत्र्याला कुणीतरी आत नेलं असावं, एकदम शांत झालं, तरी ती फोनवर होतीच; तिचा श्वास ऐकू येत होता. मीच कट केला.

चुकून लागला नव्हता, आई. हे तिला सांगायचं सोडून तुला लिहीत बसलोय, कारण तू उलटून काही विचारणार नाहीस.