नभपेटीवर पाळत

२ एप्रिल २०२५, बुधवार
सासूबाईंच्या आवाजातली भुलाबाईची बावीस गाणी नभपेटीत आहेत, म्हणजे एका कंपनीच्या इंटरनेटवरच्या गोदामात. सासूबाई गेल्या. गाणी दुसरीकडे कुठेच नाहीत, कारण जुना मोबाईल मी एक्स्चेंजमध्ये दिला. आज खाते उघडून मोजली. बरोबर बावीस. मग कंपनीचे हेल्प पेज वाचले. तळाला बारीक अक्षरात : सेवा वापरत राहिलात तर बदललेल्या अटी मान्य आहेत असे समजू. म्हणजे अटी बदलणार. ठराव : पान रोज तपासायचे. तपासणी पूर्ण होईपर्यंत खाते उघडायचे नाही. उघडणे म्हणजे सही. पासवर्ड बदलला. पुण्याला मुलगी मयुरा आहे, तिलाही सांगितला नाही.

१९ एप्रिल
खापरखेड्याच्या वीज केंद्रात एकतीस वर्षे परिपत्रकांवर शुद्धिपत्रके चिकटवली. माझ्या नजरेतून काही सुटत नाही. आज एक स्वल्पविराम गायब. इतवारीत अंकुशच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेलो. म्हणतो, काय गा काका, हेच पान परवा नेलं न तुमी. त्याला फरक दाखवला. त्याने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

५ जुलै, सकाळी ६.१०
पकडले. 'खाते इतके दिवस न उघडल्यास फाईली कायमच्या काढून टाकू' या वाक्यात ३६५च्या जागी १८०. घाबरवून खाते उघडायला लावायचा डाव. मी उघडणार नाही. तारीख-वेळेसह नोंद. लाल पेन्सिलने दोनदा अधोरेखित.

११ ऑगस्ट
कंपनीच्या तीन मेल. विषय : तुमच्या फाईलींबद्दल महत्त्वाचे. मेल उघडली की त्यांना कळते. न वाचता स्पॅममध्ये.

७ सप्टेंबर, रविवार
भुलाबाई बसली, आता कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी मुलींची गाणी. बायको शोभा म्हणाली, अवो, शेजारच्या मुली येऊन राहिल्या, आईची गाणी लावा. तपासणी चालू आहे म्हणालो. म्हणाली, मले आईचा आवाज ऐकाचा आहे, अटी नाही ऐकाच्या. तिला कायद्याची बाजू अर्धा तास समजावली. तेवढ्यात तिची गवार निवडून झाली. कोजागिरीले तरी लावा, म्हणाली. शब्द दिला.

२२ सप्टेंबर
मयुराचा फोन. बाबा, एकदाच लॉगइन करा आणि सगळं डाउनलोड करून घ्या. कंपनीला हवे तेच नेमके. तिची नोकरी कॉम्प्युटरच्या लायनीतली. संशयितांच्या यादीत नाव शाईने लिहिले नाही, मुलगी आहे. पेन्सिलने लिहिले.

४ ऑक्टोबर, दुपारी ४.२०
तपासणी पूर्ण. एकूण सदतीस बदल, सगळे फाईलबंद. आता उघडायला हरकत नाही. शोभाला शेजारी बसवून खाते उघडले. आत काही नाही. शोभा म्हणाली, खाली पाहा न. खालीही काही नाही. आपण पाळत ठेवतो हे कळल्यामुळे त्यांनी गाणी लपवली, असे तिला सांगितले. चार पानी तक्रार पाठवली.

५ ऑक्टोबर
उत्तर आले. शेवटचा वापर २ एप्रिल. १८० दिवस २९ सप्टेंबरला संपले. नियम ५ जुलैला पानावर टाकला, ऑगस्टमध्ये तीन मेल पाठवल्या. फाईली परत मिळणार नाहीत. सर्व तारखा माझ्या नोंदींशी ताडून पाहिल्या. फरक नाही.

६ ऑक्टोबर, कोजागिरी
संध्याकाळी मुली आल्या. शोभाने गाणी तोंडपाठ म्हणायला घेतली. पाच झाली. सहाव्यात अडकली. मुली थांबल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, तुमी तर रेकॉर्डिंगच्या टायमाले आईच्या बाजूलेच बसून होते, पुढची ओळ काय होती?
होतो. बावीसही गाणी संपेपर्यंत बसलो होतो. सगळा वेळ मोबाईलची बॅटरी किती उरली ते पाहत होतो.
आठवत नाही, म्हणालो.
बावीस गाण्यांची खिरापत तिने पाच गाण्यांवरच वाटून टाकली.