ढब्बूचे पाणी

१७ जून

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. मी बरी आहे. परीक्षा संपली. वसतिगृहाच्या खोलीत नवा पंखा बसला. तो फिरतो कमी, कुरकुरतो जास्त.

ही झाली खुशाली. आता राग. तो लिहूनच कळवते, कारण फोन हातात घेतला की माझी वाचा बसते, हे तुला ठाऊक आहे.

सोमवारी वहिनी ढब्बूला आमच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात सोडून गेली. सोबत तुझ्या सहीचा कागद: कुत्र्याला कायमचे झोपवण्यास संमती. कारण, ‘हट्टीपणाने घरभर लघवी करतो.’ हट्टीपणाने! अकरा वर्षांत ज्याने घरात एक थेंब सांडला नाही, त्याच्याविषयी हा शब्द?

सरांनी त्याचे पोट चाचपले आणि म्हणाले, “बघ हात लावून.” मूत्राशय चेंडूसारखे टणक फुगले होते.

ढब्बूला मधुमेह आहे, दादा. साखर लघवीवाटे जाताना पाणीही ओढून नेते. म्हणून लघवी भरमसाट होते आणि गेलेले पाणी भरून काढायला तो पितो. तुम्ही नेमके उलटे समजलात आणि पाण्याचे भांडेच उचलून ठेवलेत. वर फरशी भिजू नये म्हणून सकाळी नऊ ते संध्याकाळी सात त्याला धुण्याच्या खोलीत कोंडलेत. गुंडाळलेल्या वर्तमानपत्राने तू लावलेली शिस्त त्या बिचाऱ्याने तिथेही पाळली. एवढी लघवी तो दहा-दहा तास धरून बसला! मूत्राशयाची भिंत ताणून ताणून तिचे स्नायू लुळे पडले. आता मूत्राशय आकुंचन पावत नाही; भरले की नुसते वाहते. ते त्याला कळतही नाही.

वहिनी रडत होती. “मी भांडं परत ठेवलं की हे उचलायचे. म्हणायचे, डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय.”

इथवर येऊन मी हे पत्र दोनदा फाडले. डॉक्टरीणबाई म्हणजे मीच.

मार्चमध्ये तुझा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. सगळ्यांसमोर बोलायची लाज वाटत होती. तू म्हणालास, “सारखा पाणी पितोय गं.” मी “मग कमी दे” म्हटले आणि फोन ठेवला. एक प्रश्नही विचारला नाही. आणि रोगनिदानाच्या विषयात मी वर्गात पहिली आहे.

पण मी चुकले म्हणून त्याने मरावे, हे मला मान्य नाही. काल सगळ्या वर्गासमोर मी सरांना सांगितले, “सर, तो सल्ला माझा होता.” त्याला झोपवायचे ते शुक्रवारपर्यंत थांबणार आहेत. नळी घालून मूत्राशय रिकामे ठेवले आहे, म्हणजे स्नायूंना विसावा मिळेल. ते पूर्ववत होतील, असे वचन मी देत नाही. साखर मात्र इंजेक्शनांनी आटोक्यात येईल. रोज दोन वेळा मी टोचेन.

सोबत उपचारांच्या संमतीचा कागद आहे. मालक तू आहेस, सही तुझीच लागते. करायची नसेल, तर वहिनीच्या हाती निरोप धाडू नकोस. इथे येऊन माझ्या तोंडावर सांग. मी गप्प बसणार नाही.

माझा चुकीचा शब्द तू लगेच ऐकलास. हाही ऐक.

तुझी धाकटी बहीण