नावाआधीची जागा

शुक्र. ३ ऑक्टो. मस्कत
सुट्टी. कपडे धुतले. दोरीवर टाकेपर्यंत अर्धे वाळले.
आईला फोन. बाबा आता मंगळ-गुरु-शनि केंद्रात जातात. भाईंदर ईस्टला, एका सोसायटीच्या हॉलमध्ये. विसरण्याचा आजार झालेल्यांना तिथे दुपारपर्यंत सांभाळतात, आणि त्यांना सांभाळणाऱ्यांनाही बसवून बोलतं करतात. संस्थेचं नाव लांबलचक. आई म्हणते बालवाडी. "बालवाडीत सोडलं नि दोन घास बसून खाल्ले," म्हणाली. बसून खाल्ले हे सांगताना किती खूश.
तिथल्या वैशालीताईंनी सांगितलंय, घरात काय होतं ते थोडं थोडं लिहून ठेवा, मन हलकं होतं. आई म्हणाली, मला कुठे वेळ, तू लिही. मी! आठवी नापास. इथे एसीच्या डक्टचे पत्रे कापतोय. बरं, लिहितो. चुका कोण बघणार.

शुक्र. १० ऑक्टो.
आईने बुधवारी बांगडे आणले. बाबांनी ताटाला हात लावला नाही. बांगड्यासमोरून उठणारा माणूस नाही हा, रत्नागिरीचा आहे. आईने विचारलं, काय झालं? तर म्हणाले, "सुतक आहे." कोणाचं, ते सांगेनात. आईने गावाला दोन ठिकाणी फोन लावले. सगळे ठणठणीत. उलट तिलाच विचारतायत, भावोजी बरे आहेत ना.
आई हसत सांगत होती. मीपण हसलो.

मंगळ. १४ ऑक्टो.
लंच टायमाला आईच्या नंबरवरून फोटो आला. खाली काही लिहिलेलं नाही.
बाबांनी सगळं आयुष्य भांड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं टाकण्यात काढलं. लग्नाची, वास्तुशांतीची, बाराव्याला वाटायची. वैशालीताईंनी त्या दुकानातून नावं टाकायचं मशीन मागून आणलं आणि एक कोरं ताट त्यांच्या मांडीवर ठेवलं. आई म्हणते, चष्मा मागितला नाही, काय टाकू विचारलं नाही. ताट अंगठ्याने पुसलं आणि टर्र टर्र सुरू. हॉलमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग कोणीतरी वाचलं.
फोटो मोठा करून बघितला.
कै. संदेश गणपत पावसकर यांच्या स्मरणार्थ.
अक्षर एक नंबर. ओळ जराही वर-खाली नाही.
शफीक, माझा भागलपूरचा रूममेट, खांद्यावरून बघत होता. "क्या लिखा है?" म्हटलं, मेरा नाम. "अब्बू ने लिखा? अरे वाह!" म्हटलं, हां.
जेवलो नाही. भूक नव्हती असं नाही.

बुध. १५ ऑक्टो.
आई ताट खाडीत टाकायला निघाली होती. शेजारच्या ज्योत्स्नाबेननी अडवलं. त्यांचे मिस्टरपण बालवाडीत असतात, आजार तोच. म्हणाल्या, "स्टील का थाली कोई फेंकता है क्या? मेरे को दे दो, उल्टा करके रखूँगी." आता त्यांच्या किचनमध्ये मी उलटा.

शुक्र. १७ ऑक्टो.
व्हिडिओ कॉल नको होता करायला.
आई फोन हलू नये म्हणून देव्हाऱ्याच्या फळीवर टेकवून ठेवते. बाबा आले, बघितलं. मी म्हणतोय, बाबा, मी संदेश, बाबा. त्यांनी गणपतीसमोरचं जास्वंद उचललं आणि फोनपुढे ठेवलं. हात जोडले. डोळे मिटले. मी बोलतोय आणि ते डोळे मिटून उभे.
आईने फोन बंद केला.
मग वैशालीताईंशी बोललो. त्यांनी आईला खूप विचारलं म्हणे, संदेशबद्दल घरात काय काय बोलता? तेव्हा सापडलं. मी आलो इकडे तेव्हापासून दारात येईल त्याला आई सांगतेय. दूधवाला, वॉचमन, मावशी. "संदेश गेला ना." पुढे मस्कतला. बाबांकडे पुढचं पोचलंच नाही. संदेश गेला, एवढंच राहिलं.
विचारलं, मग सांगा ना त्यांना, नाही गेला. ताई म्हणाल्या, "सांगितलं रे. तीनदा. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा आईवर हात उगारला. तिसऱ्यांदा गप्प बसले, ते सगळ्यात वाईट. आता वाद घालत नाही आम्ही." मी येऊन समोर उभा राहिलो तर? "ये. पण ओळखतील असं मी सांगणार नाही तुला."
खोटं बोलली नाही बाई. राग आला.

मंगळ. २१ ऑक्टो.
दिवाळी. बाबांनी कंदील लावू दिला नाही, सुतकात कंदील कसला. आईने तो ज्योत्स्नाबेनच्या गॅलरीत लावला आणि आपल्या खिडकीतून बघत बसली. फोटो पाठवला, नुसता उजेड आलाय.
फोरमनकडे रजा मागितली. म्हणाला, कारण? काय सांगू. म्हटलं, फादर सीरियस.

रवि. १६ नोव्हें. हाटकेश, घरी
आलो. बेल मारली, दार बाबांनीच उघडलं. बारीक झालेत. शर्टाचं बटण एक घर वर लागलेलं.
"कोणाकडे?"
म्हटलं, पावसकर.
"पावसकर इथेच. पण सुतक आहे हो घरात. तुम्ही नंतर या."
तुम्ही. मला. गाढवा आणि मेल्याशिवाय ज्या माणसाने कधी हाक मारली नाही.
आई आतून धावत आली, "अहो, संदेश आलाय! बघा तरी!" बाबा तिच्यावर खेकसले, "मेलेल्या पोराची मस्करी करतेस?" दार लावायला निघाले. मी म्हटलं, नाही नाही, मी त्याचा मित्र. लगेच शांत. "मग आत या ना. पाणी दे गं पाहुण्यांना."
आईने पाणी दिलं. माझ्याकडे बघितलं नाही.

मंगळ. १८ नोव्हें.
केंद्रात गेलो. एका बाजूला बाबा आणि बाकीचे, वाटाणे सोलतायत, फुलं ओवतायत. पडद्याच्या अलीकडे आम्ही. सगळ्या बायका, मी एकटाच पुरुष.
आई चिडलेली. "जिवंत मुलगा घरात, आणि मी त्याला पाहुणे म्हणू? जीभ झडेल माझी."
ज्योत्स्नाबेन म्हणाल्या, "मेरे को वो मम्मी बोलते है. पैंतीस साल की शादी, अभी मैं मम्मी. पहले दिन बहुत रोई. अभी बोलते है मम्मी भूख लगी, तो मैं रोटी देती हूँ. क्या करने का, भूख तो सच्ची है ना?" मग माझ्याकडे वळून, "तू तो नसीबवाला है बेटा. मेहमान को चाय तो मिलती है."
सगळ्या हसल्या. आईपण, पदर तोंडाला लावून.
वैशालीताई म्हणाल्या, "तो पाहुणा म्हणून बसू दे त्यांच्याजवळ. निदान बसू तरी देतात."
घरी येताना आई रिक्षात बाहेर बघत बसली. उतरताना म्हणाली, "पाहुणे, सुट्टे आहेत का?" आणि रडायला लागली.

रवि. २३ नोव्हें.
पाहुणा होण्यात एक आहे. बाबा बोलतात माझ्याशी. आधी कुठे बोलायचे.
आज चहा घेताना, "तुमचा दोस्त, आमचा संदेश. पायाला भिंगरी हो त्याच्या. सुरत झालं, गोवा झालं, पुणे झालं. एका जागी बूड टेकलं नाही."
म्हटलं, हो, तसाच होता.
"गाढव होता."
हो.
"शाळेत लक्ष नव्हतं. मग पायरीवर माझ्याजवळ बसायचा. बाद झालेल्या वाटीवर मी खिळ्याने क काढायचो, तो गिरवायचा. हात चांगला होता. माझ्यापेक्षा चांगला. मी बोललो नाही कधी, शेफारला असता." मग बशी खाली ठेवली. "जाताना भेटला नाही मला नीट. दुकानात गिऱ्हाईक होतं."
खरं आहे. होतं गिऱ्हाईक. कोणाच्या तरी लग्नाची ताटं, भरपूर. मी पायरीखालून हात केला, त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झाला निरोप.
मी उठून गॅलरीत गेलो. पाहुण्याने रडायचं कसं, कळेना.
आत बाबा आईला विचारत होते, "चहा कडू झाला का त्यांना?"

गुरु. २७ नोव्हें.
आईचं नि माझं भांडण. ती म्हणते, त्यांना एकदा तरी कळायला पाहिजे. नाहीतर ते खरंच जातील तेव्हा पोरगा मेला असं मनात घेऊन जातील. मी म्हटलं, आणि सांगून परत रडवायचं? ती म्हणाली, "तू जाशील परत. रोज सुतक मी पाळतेय."
वैशालीताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आपण सांगायला नको. शनिवारी मशीन बाहेर काढते. तू गिऱ्हाईक हो. गिऱ्हाइकाचं ते ऐकतात."

शनि. २९ नोव्हें.
बाबांच्या जुन्या दुकानातून स्टीलचा डबा आणला. झाकणाचा, मध्यम. शेठने ओळखलं, पैसे घेईना. बाबांच्या जागी आता कोणी बसत नाही, नावं टाकून घेतं कोण म्हणाला.
केंद्रात बाबा मशीन घेऊन बसलेले. समोर बसलो, डबा दिला. आई माझ्या मागे उभी.
बाबांनी डबा फिरवून बघितला, झाकण लावून काढून बघितलं. "माल चांगला आहे. नाव काय टाकू?"
"संदेश."
"पूर्ण सांगा. नंतर वाढवता येत नाही."
"संदेश गणपत पावसकर."
वर बघितलं. खूप वेळ. डोळ्यांत काहीतरी हललं, की मला तसं वाटलं. म्हणाले, "माझं पण नाव गणपत." मग अगदी धंद्याच्या आवाजात, "नावाआधी काय लावू? चि. का कै.?"
आईचा हात माझ्या खांद्यावर आला, घट्ट.
म्हटलं, "चि."
बाबांनी सुई टेकवली. चालू केली नाही. उचलली. परत टेकवली. "नक्की?"
"नक्की."
"बघा हां. मला कोणीतरी वेगळं सांगितलंय." कपाळ चोळलं. "घरी विचारून या एकदा. चुकीचं पडलं तर भांडं बाद होतं. माणसाचं नाव आहे ते."
मग टर्र टर्र. पूर्ण नाव टाकलं, तेच अक्षर. नावाच्या आधी बोटभर जागा कोरी ठेवली.
आई घरी येताना डबा मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "कै. तर नाही टाकलं."

बुध. ३ डिसें.
आईने बांगडे तळले. बाबा ताटावर बसले, बघत राहिले. मला विचारलं, "पाहुणे, तुम्ही खाता ना?" खातो म्हटलं. "मग खा. मी थांबतो." उठून गेले नाहीत, एवढंच. काटे काढत बसले माझ्या ताटातले.
लहानपणी काढायचे तसे.

गुरु. ११ डिसें.
उद्याचं विमान. बॅग भरलेली नाही. फोरमनचे दोन मेसेज, उत्तर दिलं नाही. आई काही विचारत नाही, त्या नावाच्या डब्यात तिने लाडू भरलेत. मस्कतला न्यायचे का इथे ठेवायचे, ते मी ठरवायचं म्हणे.
शेजारच्या ज्योत्स्नाबेन विचारून गेल्या, ताट परत देऊ का. आई म्हणाली, राहू दे अजून.
सकाळी बाबा खिडकीत बसले होते. आज शर्टाची बटणं बरोबर. मी चहा नेला.
"पाहुणे, विचारलंत का घरी?"
"काय?"
"ते नावाचं."
म्हटलं, अजून नाही.
बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "विचारा. घाई नाही. मी जागा सोडलीय."